पाणी संपलं म्हणालो तेव्हा

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. वर्षाजवळ, म्हणजे माझ्या बायकोजवळ, तर नाहीच. तुमच्याजवळ बोलतोय, कारण तुम्ही आमच्या घरातले नाही — आणि हे ऐकून तुम्ही उठून गोकुळभाऊकडे जाणार नाही.

होळी झाली की माझं बिनसायला लागतं. जळगावचं ऊन तुम्हाला ठाऊक असेल, पण मी उन्हाबद्दल बोलत नाहीये. माठ येतो, कूलरला नवा वाळा लागतो, आणि कुणीतरी तो विषय काढतं. काढतंच. "गोकुळभाऊजींसारखं करू नका हं, पाणी पीत जा," असं बहुतेक वेळा वर्षाच म्हणते. मी ग्लास उचलतो, आणि न पिताच खाली ठेवतो. वाटतं, आज कळलं हिला. आज नक्की कळलं.

पण मी हे शेवटाकडून सांगतोय. थांबा.

गोकुळभाऊ माझा चुलतभाऊ, माझ्याहून बराच मोठा. मंडप टाकायचा. लग्नसराईत भर दुपारी बांबूवर चढून कापड ताणत असायचा, वरून खालच्यांची चेष्टा करत. माझं लग्न ठरलं तेव्हा पत्रिका वाटायला तोच निघाला, स्वतःच्या मोटरसायकलवर. गाडी मलाही येत होती, पण तो म्हणाला, नवरदेवानं मागं बसायचं. मे महिना. मोठी माय, म्हणजे त्याची आई, आदल्या दिवसापासून बजावत होती की ऊन चढायच्या आत पोहोचा. तिनं दोघांच्या खिशात कांदे घातले आणि दोन बाटल्या भरून दिल्या — एक साधी, एक मीठ-साखर घातलेली.

पण पत्रिका द्यायला गेलं की कोण चहाशिवाय सोडतं? एरंडोलला उशीर झाला, पारोळ्याला आणखी. पारोळ्याच्या पाहुण्यांनी तर चटईच टाकली. ऊन उतरल्यावर निघा म्हणाले. गोकुळभाऊ टेकायला तयार होता. मी नव्हतो.

का नव्हतो? वर्षा त्या दिवशी धुळ्याला तिच्या मावशीकडे आलेली होती आणि दुपारच्या बसनं शिरपूरला परत जाणार होती. तिनं मला गुपचूप फोनवर सांगितलं होतं. साखरपुड्यानंतर आम्ही एकमेकांना पाहिलं नव्हतं. बस, एवढंच कारण. दुसरं काही असतं तर बरं झालं असतं — पण नाही.

आम्ही निघालो. गाडीवर ऊन फसवतं. वारा लागत असतो, घाम आल्याआल्या वाळून जातो, माणसाला वाटतं आपण ठीक आहोत. मागं बसणाऱ्याला तर पुढच्याच्या पाठीचा आडोसा असतो. मला होता. समोरून येणाऱ्या झळा सगळ्या त्याच्या अंगावर.

पारोळा मागं पडल्यावर त्यानं गाडी हळू केली. मान अर्धवट वळवून म्हणाला, "डोकं दुखी ऱ्हायनं रे. पानी शे का?" — डोकं दुखतंय, पाणी आहे का?

साधी बाटली रिकामी झाली होती. मीठ-साखरेची माझ्या मांडीवरच्या पिशवीत होती, उरलेल्या पत्रिकांच्या खाली. अर्ध्याहून जास्त भरलेली. पण गोकुळभाऊ चालत्या गाडीवर पाणी प्यायचा नाही. तो गाडी उभी करणार, तोंडावरचा रुमाल सोडणार, लिंबाच्या सावलीत बसणार, आणि बसला की आडवा होणार. हे सगळं मला दिसलं. मग शिरपूरची बस सुटताना दिसली.

"सरी गयं," मी म्हणालो. संपलं.

इतका सोपा शब्द. त्यानं परत विचारलंसुद्धा नाही. फक्त म्हणाला, रसवंती दिसली की थांबू. रसवंती दिसली. मी म्हणालो, "धुळं आलंच की भाऊ, तिथंच पिऊ." त्यानं ऐकलं. मी ऑफिसात नोकरी करणारा, शिकलेला — तो माझं नेहमी ऐकायचा.

आणि एक. हेही सांगायलाच हवं, नाहीतर सांगण्यात अर्थ काय? थोडं पुढे गेल्यावर मी त्याच्या पाठीआड बाटली काढली आणि प्यालो. पाणी चहासारखं तापलं होतं. तरी प्यालो. टोपण आवाज न करता लावलं.

मग तो बोलायला लागला. बांबू मोजून घ्या म्हणाला, मला दुसऱ्याच कुणाच्या नावानं हाक मारली. गाडी पांढऱ्या पट्ट्यावरून पलीकडे जायला लागली. मी त्याच्या मानेला हात लावला. मान भाजत होती आणि पार कोरडी होती, घामाचा थेंब नाही. ऊन लागलंय हे मला कळलं नव्हतं का? कळलं होतं. उन्हाळ्यातच वाढलेला माणूस मी. हात मानेवर असतानाच मी दुसऱ्या हाताच्या घड्याळात पाहिलं.

गाडी रस्ता सोडून खाली उतरली आणि मातीत आडवी झाली. माझं कोपर खरचटलं. गोकुळभाऊ उताणा पडला होता, डोळे उघडे, पण मला ओळखत नव्हता. मी पिशवीतून बाटली ओढली आणि उरलेलं पाणी त्याच्या तोंडावर ओतलं. जवळच्या शेतातून माणसं धावत आली. एका बाईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, पदर भिजवून त्याच्या कपाळावर ठेवला. मग तिचं लक्ष माझ्या हातातल्या बाटलीकडे गेलं.

"पानी व्हतं ते पिना काब नही हाऊ?" — पाणी होतं, तर हा प्याला का नाही?

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"मी देत होतो," मी म्हणालो. "तोच नको म्हणाला."

धुळ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, तिथं हेच सांगितलं. तोवर वाक्य बरंच सफाईदार झालं होतं. मोठी माय आली, तिलाही सांगितलं. लहानपणापासून असाच हट्टी, म्हणत तिनं कपाळ बडवलं. मग माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "तू व्हता म्हनीसन वाचना मन्हा पोऱ्या." — तू होतास म्हणून वाचला माझा पोरगा.

माझा फोन गेल्यावर वर्षा मावशीकडून दवाखान्यात आली होती. तिची बस चुकली. "भावाच्या उशाशी बसलेलं तुम्हाला पाहिलं आणि माझी लग्नाची सगळी भीती गेली," असं ती मला आजही सांगते, पाहुण्यांसमोर, कौतुकानं.

गोकुळभाऊ वाचला. पण मूत्रपिंडांना धक्का बसला होता, आणि उन्हात काम करायचं नाही असं कायमचं सांगितलं गेलं. मंडपाचं सामान विकलं. माझ्या लग्नाचा मंडप दुसऱ्यानं टाकला. तो आतल्या खोलीत कूलरसमोर बसून दारातून बघत होता. आता एका नातेवाइकाच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानात पंख्याखाली बसतो.

दवाखान्यातून घरी आल्यावर त्यानं मला एकदा विचारलं होतं. खोलीत आम्ही दोघंच होतो. "पारोळ्याच्या पुढचं मला काहीच आठवत नाही रे. मी खरंच पाणी नको म्हटलं?" त्याचा विश्वास बसत नव्हता, आवाजात कळत होतं. त्याला स्वतःचा स्वभाव माहीत होता. खरं सांगून टाकायला एवढं एकच दार उघडं होतं, आणि ते त्यानंच उघडलं होतं.

"हो भाऊ," मी म्हणालो.

"मग चूक माझीच," तो म्हणाला, आणि कुशीवर वळला.

त्याची मुलगी धनश्री आता कॉलेजात आहे. या उन्हाळ्यात तिला मैत्रिणीबरोबर गाडीवरून धुळ्याला जायचं होतं. मी त्यांच्याकडेच बसलो होतो. गोकुळभाऊ तिला म्हणाला, "सकाळी निघ, वाटेत थांबत जा, तहान लागायची वाट बघू नको. माझ्यासारखा मूर्खपणा करू नको. विचार तुझ्या काकाला. हा पाणी देत होता, मीच घेतलं नाही."

धनश्रीनं माझ्याकडे बघितलं.

मी मान हलवली. हो म्हणालो.