हातामागचा हात

घाटाच्या पहिल्या चढावर मी गिअर बदलला आणि शेजारी बसलेल्या बाबांचा तळहात माझ्या हातामागे येऊन थांबला. मी काही नवशिकी नाही, पण त्यांना कोण सांगणार!

बाबा हवाई दलाच्या मालवाहू विमानांवर फ्लाइट इंजिनिअर होते. उड्डाणाच्या वेळी पायलट इंजिनांची ताकद वाढवणारे दांडे पुढे सारतो, तेव्हा ते मागे घसरू नयेत म्हणून इंजिनिअरचा हात त्याच्या हातामागे असतो. पायलट समोर बघतो, इंजिनिअर तबकड्यांवरचे काटे बघतो. मला वाटतं, निर्धास्त पुढे बघणाऱ्या प्रत्येकाच्या मागे असा एखादा हात असतोच. आपल्याला तो दिसत नाही, कारण आपण पुढे बघत असतो.

वळणावर समोरून ट्रक अंगावर आला. मी गिअर उतरवला, गाडी अलगद कडेला घेतली आणि पुन्हा चढाला लागले. हातामागे मात्र काहीच जाणवलं नाही.

"बाबा, हात कुठे गेला?"

"इंजिन छान बोलतंय. तू चालव की."

मी क्षणभर तिकडे पाहिलं. जन्मभर काटे बघत आलेला माणूस खिडकीबाहेरची दरी बघत होता.