मंदाताईंच्या ऑपरेशनाआधी मॅडमनी विचारलेला प्रश्न

डॉ. मालती मॅडमना साठ वर्षे पूर्ण होत आहेत आणि त्यांच्या गौरवग्रंथात लिहिण्याचा मान मला मिळाला आहे. शिरड शहापूरजवळच्या आमच्या घरात मेंढरे राखणे हीच पिढ्यान्‌पिढ्यांची शाळा होती. पाटी घेऊन बसलेली मी पहिलीच. त्यामुळे एवढ्या मोठ्या माणसांच्या लेखांशेजारी माझा लेख छापला जाणार, या आनंदाने मला दोन दिवस धड जेवण गेले नाही.

मॅडमची पहिली ओळख हिंगोलीच्या त्यांच्या दवाखान्यात झाली. नर्सिंगचे शिक्षण संपवून मी कामाला लागले, तो पहिला दिवस. इंजेक्शन भरण्याआधी मी बाटलीवरचे नाव पुन्हा पुन्हा वाचत होते. बाकावरचे एक आजोबा वैतागून म्हणाले, "मॅडम, ह्या पोरीला वाचता येतंय ना बराबर?" मॅडम कागदावरून मान वर न करता म्हणाल्या, "येतं की. तुमच्याच जिवासाठी तीनदा वाचून राहिली ती." मी तेव्हाच ठरवले, नोकरी करायची तर इथेच.

मॅडमच्या कामाबद्दल पुष्कळ जण लिहितील. मी मंदाताईंबद्दल लिहिते, कारण मॅडम म्हणजे काय, हे मला त्या प्रसंगात कळले.

मंदाताई पुसेगावच्या शेतकरी घरातल्या थोरल्या सून. वजन इतके वाढले होते, की आडवे झाले की श्वास कोंडायचा. त्या भिंतीला टेकून, बसल्या बसल्याच झोपायच्या. वजन कमी करण्याचे ऑपरेशन तेव्हा आमच्या भागात कोणी ऐकलेलेही नव्हते. त्यांच्या भावाने हैदराबादेत तपास काढला, तारीख ठरली आणि निघण्याआधी तब्येत दाखवायला सगळे मॅडमकडे आले. महालक्ष्म्यांचा सण नुकताच झाला होता.

नेहमीप्रमाणे मी विचारले, "कुठल्या गोळ्या चालू आहेत?"

"शुगरच्या. बाकी न्हाई."

मॅडम बाजूलाच होत्या. त्यांनी अगदी सहज विचारले, "यंदा महालक्ष्म्यांचा नैवेद्य कोणी केला?"

"मीच की. सोवळ्यात दरसाली मीच करते."

"आणि पाळी?"

मंदाताईंनी मान खाली घातली. सासूबाई पुढे झाल्या. "त्याच्या गोळ्या मेडिकलवाला देतो न्हवं! पोळ्यापासून खाऊन राहिली. पण ते काय औषध हाय व्हय? समद्याच बाया खातेत."

मॅडमनी हातातला पेन खाली ठेवला. "बाळंतपणात कधी पाय सुजला होता?"

"पहिल्या लेकराच्या वक्ताला," मंदाताई म्हणाल्या. "एकच पाय, खांबावानी."

मग मॅडमनी सगळ्यांना बसवून समजावले. वजन जास्त असले, की पायातले रक्त आधीच सावकाश चालते. ऑपरेशनात आणि नंतर पडून राहिले, की ते आणखी मंदावते. त्यात पूर्वी बहुधा एकदा गुठळी झालेली, आणि वर पाळी लांबवणाऱ्या गोळ्या, ज्या रक्त गोठायला मदत करू शकतात. "पायात धरलेली गुठळी सुटून छातीत गेली, तर ऑपरेशन कितीही चांगलं झालेलं असो, माणूस हातचा जातो." त्यांनी तिथूनच हैदराबादच्या सर्जनना फोन लावला. पाळीच्या गोळ्या त्याच दिवशी बंद झाल्या, आणि त्यांचा परिणाम ओसरावा म्हणून दोघांच्या विचाराने तारीख दिवाळीनंतर गेली.

यजमान कुरकुरले, "रिझर्वेशन झालंय, मॅडम." मंदाताई तर रडू लागल्या. "काहून थांबवता हो? मला आडवं पडून झोपायचंय."

मॅडम त्यांचा हात धरून म्हणाल्या, "एवढे दिवस मला दे, मंदा. पुढची सगळी वर्षं तुझी."

ऑपरेशन झाले. पायांवर घट्ट मोजे, रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शने, आणि त्याच संध्याकाळी सर्जननी त्यांना उठवून चालवले. गावी परतल्यावरही काही आठवडे इंजेक्शने चालू होती, आणि ती द्यायला मी बसने पुसेगावला जायचे. मात्रा बरोबर आहे ना, हे मी दर वेळी फोन करून मॅडमना विचारायचे. "परत काय विचारतेस?" असे त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. उलट म्हणायच्या, "तू विचारतेस, म्हणून मी निवांत जेवते."

खरी अडचण घरात होती. सासूबाईंनी मऊ गादी घालून ठेवली होती. "पोट कापलंय, अन् लेकराला हिंडवून राहिले!" भेटायला रोज माणसे यायची, आणि त्यांच्यासमोर आजारी माणूस फिरताना दिसणे बरे नव्हे, म्हणून मंदाताई दिवसभर पडून. मी मॅडमना सांगितले. रविवारी त्या स्वतः पुसेगावात हजर! त्यांनी ओसरीवर जाहीर केले, "भेटायला येईल त्यानं मंदासोबत वेशीपर्यंत चालून यायचं. चहा नंतर."

आणि काय सांगू, गल्लीत वरातच सुरू झाली! चुलत सासरे धापा टाकत म्हणाले, "बीमार कोण हाय मंग? मलाच झोपवा तुमच्या गादीवर." मंदाताई टाके सांभाळत हसत होत्या, आणि चालत होत्या.

गुठळी झाली नाही. मंदाताई आता आडव्या पडून झोपतात.

पुढच्या वर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणाला मॅडमना आणि मला बोलावणे आले. मंदाताई ओसरीवर बाजूला बसलेल्या होत्या. आत धाकट्या जाऊबाई पुरण वाटत होत्या. मॅडमनी काही विचारण्याआधीच सासूबाई म्हणाल्या, "औंदा गोळी बंद. घरात दुसरी सून हाय की नैवेद्याला. महालक्ष्मीला बी आमची मंदा जित्तीच पायजे."

मॅडमनी वाकून सासूबाईंच्या पायांना हात लावला. भरल्या घरात, सगळ्यांसमोर.

मॅडमना निरोगी आणि भरपूर आयुष्य लाभो. गावोगावच्या ओसऱ्यांवर मांडी घालून बसायला त्यांचे गुडघे साथ देत राहोत, कारण सुना अजून पुष्कळ आहेत, आणि महालक्ष्म्या दरसाल येतात.