चोक माझा, पाय अण्णांचा

आमच्या गाडीला सुरू व्हायला दोन माणसं लागतात, असं मी कितीतरी वर्षं धरून चालले होते. एकानं पाय द्यायचा, दुसऱ्यानं चोक ओढायचा. पाय अण्णांचा, चोक माझा. अण्णा म्हणजे माझे वडील.

गाडी म्हणजे लष्कराच्या लिलावातून आणलेला एक टनी जुना ट्रक. पुढून बुटका, मागे ताडपत्री. नळदुर्गात बाकी सगळे ट्रक डिझेलचे आणि आमचा एकटाच पेट्रोलचा, त्यामुळे हायवेवरचे ढाबेवाले अण्णांना ‘मिल्ट्री’ म्हणून चिडवायचे. सकाळी मेथी, कोथिंबीर, वांगी भरून ते तुळजापूरच्या लॉजवर आणि खानावळींना पोचवायचे. रोज गाडी सुरू करून देऊन मग मी शाळेत जायची, आणि सुट्टी असली की शेजारच्या सीटवरून तुळजापूरपर्यंत. गारठ्यात इंजिन कुरकुर करायचं. कार्बोरेटरचं इंजिन गार असलं की त्याला हवा कमी आणि पेट्रोल जास्त लागतं, चोक ओढला की तसं मिळतं, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा एवढंच ठाऊक होतं की अण्णा अनवाणी पायानं ॲक्सिलेटर दोनदा दाबतात, तिसऱ्यांदा पार तळाला नेऊन धरतात, आणि माझ्याकडे न बघता म्हणतात, “हं माय, ओढ.”

मी चोकचं काळं बटण दोन्ही हातांनी ओढायची. इंजिन नुसतंच फिरायचं, खोकायचं, आणि मग एकदम पेट घ्यायचं. “बघ,” अण्णा म्हणायचे, “तू आली नसतीस तर कोथमीर हितंच सुकली असती.”

कॉलेजसाठी सोलापूरला राहायला गेले तेव्हा मला पहिली काळजी गाडीची लागली. दिवाळीला घरी आले, तर अण्णा एका हातानं किल्ली आणि दुसऱ्या हातानं चोक असं आरामात एकटेच गाडी सुरू करत होते. मला इतका राग आला की दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. इतकी वर्षं मला वेड्यात काढलं म्हणून. ते आपले हसत राहिले. त्यात रागवण्यासारखं काही नव्हतं, उलटच होतं, हे कळायला मला वयाची चाळिशी ओलांडावी लागली. मी तशी उशिराच शहाणी होणाऱ्यांतली.

पुढे तुळजापुरात शाळेत लागले. लग्नाचं जमलं नाही, मीही ते मनाला लावून घेतलं नाही. नळदुर्गहून रोज एसटीनं जायचं-यायचं, घरी मी आणि अण्णा. आई आधीच गेली होती.

अण्णांचा वर्षातला खरा दिवस घटस्थापनेच्या आधीचा. त्या दिवशी आमच्या गल्लीतली तरणी मंडळी तुळजापूरला जातात, देवीच्या देवळातून ज्योत पेटवून घेतात आणि आळीपाळीनं पळत गावाला आणतात. मागून गाडी. गाडीत तेल, पाणी आणि दमलेले पळणारे. गाडी पळणाऱ्याच्या चालीनं चालवायची, पहिल्या गिअरमध्ये, त्याच्या टाचेला धक्का नाही आणि त्याला एकटंही सोडायचं नाही. अण्णांचा स्वतःचा नियम असा, की तुळजापुरात ज्योतीमागे सुरू झालेली गाडी दारात येईपर्यंत बंद पडता कामा नये. इतक्या हळू चालताना कार्बोरेटरचं इंजिन तापतं, प्लगांवर काजळी धरते. अण्णा ते पायानं सांभाळायचे. त्यांचा तळवा त्या लोखंडाशी काय बोलायचा, देव जाणे.

मग त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय बराचसा परत आला, डावा हात आला नाही. त्या हातानं गिअर पडेना, चोक ओढला जाईना. गाडी चालवायला मी शिकले. तरी एकदा शाळेतून आले, तर अण्णा गाडीत घामाघूम होऊन बसलेले, सगळीकडे पेट्रोलचा वास आणि बॅटरी पार उतरलेली. उजव्या हातानं चोक ओढायचा, मग तोच हात किल्लीवर न्यायचा, असं ते दुपारभर करत होते.

“एवढी काय घाई होती, अण्णा?” मी ओरडलेच.

“घाई न्हाय गं,” ते म्हणाले. “औंदा ज्योतीला एकदा माझ्या हातानं चालू करायची हाय. मग तू ने घरापातुर. पुढचं कुणी बघितलंय.”

मी मनावर घेतलं ते तेव्हा. हायवेवर आमच्या ओळखीचे एक मिस्त्री होते, पुण्यात मोठ्या गाड्यांचं काम करून गावी परतलेले. ते म्हणाले, “बाई, कार्बोरेटर काढून इंजेक्शन बसवू. पेट्रोल किती सोडायचं ते कॉम्प्युटरचा डबा ठरवंल. चोक न्हाय, काय न्हाय. एका हातानं चालू.”

एका हातानं! मला दुसरं काही ऐकायचंच नव्हतं.

चार-पाच रविवार काम चाललं. टाकीतून ओंजळभर गंज निघाला. सायलेन्सरच्या पाइपाला भोक पाडून त्यात सेन्सर बसला, टाकीला नवा पंप लागला, आणि कार्बोरेटरच्या जागी एक चकचकीत वस्तू आली जिला वायरीच वायरी. अण्णा लिंबाखाली खुर्ची टाकून बघत बसायचे. “मला बी इंजेक्शन, हिला बी इंजेक्शन,” म्हणून त्यांनी मिस्त्रींना हसवलं. कार्बोरेटर खाली उतरला तेव्हा मात्र त्यांनी तो मागून घेतला, मांडीवर ठेवला आणि धोतराच्या सोग्यानं पुसत राहिले. शेवटी मिस्त्रींनी चोकची तार काढली. डॅशबोर्डवर भोक राहिलं, त्यात रबराचं बूच बसवलं. मी त्या बुचाकडे बघितलंसुद्धा नाही. इंजिन पहिल्या फिरकीला सुरू झालं आणि असं एकसारखं चालायला लागलं की मी अंगणात टाळ्या वाजवल्या. अण्णा म्हणाले, “आवाज कमी झाला जणू.” मी म्हटलं, “चांगलंच की.”

त्या दिवशी सुरू करून बघा म्हटलं, तर त्यांनी ऐकलं नाही. “ज्योतीलाच,” म्हणाले.

तो दिवस उजाडला. दुपारी तुळजापुरात नुसती माणसंच माणसं. गावोगावच्या ज्योती निघालेल्या, ‘आई राजा उदो उदो’ चाललेलं. आमची ज्योत देवळातून गाडीपाशी आली, पहिला पळणारा हातात ती धरून उभा राहिला. तिथवर गाडी मी आणली होती; आता अण्णा स्टिअरिंगवर, मी शेजारी. मी त्यांना सांगितलं होतं, काही करायचं नाही, नुसती किल्ली. त्यांनी चपला काढल्या, हात जोडले, किल्ली फिरवली.

इंजिन फिरलं, पेटलं नाही. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी बॅटरीचा आवाज जड झाला. मंडळी मागून बघायला लागली, कुणीतरी म्हणालं, “धक्का मारायचा का?” अण्णांचे कान लाल झाले. त्यांनी किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली.

“माय, हिला मी वळखू येईना झालो.”

मला भर रस्त्यात रडू फुटायचं बाकी होतं. मी मिस्त्रींना फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलले. त्यांनी शांतपणे विचारलं, “बाई, अण्णांचा पाय कुठं हाय?”

मी वाकून बघितलं. उजवा तळवा ॲक्सिलेटरवर पार तळाला जाऊन बसला होता. जन्मभर जिथे जायचा तिथेच, आपोआप.

“मग कशी चालू हुईल? पाय पुरा दाबला की डब्याला वाटतं, इंजिनानं लई पेट्रोल पिलंय. त्यो पेट्रोलच बंद करतो. पाय काढाय सांगा.”

म्हणजे गाडी सुरू व्हावी म्हणून अण्णा जे इतकी वर्षं करत आले, तेच आता ती बंद ठेवायची खूण झाली होती. आणि पाय लावायचा नाही हे त्यांना सांगायचं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. त्यांच्या हाताचा मी एवढा विचार केला, पायाचा केला नाही.

“अण्णा,” मी किल्ली परत त्यांच्या हातात दिली, “पाय काढा.”

“काढू?”

“काढा. नुसती किल्ली.”

त्यांनी पाय उचलून मागे घेतला, बाकड्यावरून उठावं तसा अवघडत. किल्ली अर्धी फिरली नाही तोच इंजिन सुरू झालं. मंडळींनी एकच गलका केला, पळणारा निघालासुद्धा. जीव भांड्यात पडून मी अण्णांकडे बघितलं. ते स्टिअरिंगवर हात ठेवून पुढे बघत होते. मग कोथिंबिरीचा भाव विचारावा इतक्या साध्या आवाजात त्यांनी विचारलं, “मग ह्यात माझं काय काम?”

आम्ही जागा बदलल्या. मी पहिल्या गिअरमध्ये ज्योतीमागे निघाले. इतकी छान गाडी तिच्या आयुष्यात कधी चालली नसेल. तापली नाही, खोकली नाही, दारात येईपर्यंत एकदाही बंद पडली नाही. अण्णा माझ्या लहानपणीच्या सीटवर बसले होते आणि त्या रबराच्या बुचावरून अंगठा फिरवत होते. लहान पोरीला आपण गाडीसाठी लागतो असं वाटावं, म्हणून या माणसानं रोज एक हात रिकामा ठेवला होता. आणि मी त्यांच्यासाठी एक बटणसुद्धा शिल्लक ठेवलं नव्हतं. ठेवता आलं असतं. मिस्त्रींना म्हटलं असतं तर त्यांनी ते नुसतं शोभेला तरी राहू दिलं असतं.

त्यानंतर अण्णांनी किल्ली मागितली नाही. मी दोन-तीनदा पुढे केली तर म्हणाले, “तूच कर, तुझ्या हाताला ती बरी ऐकती.” टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मी भांडले तरी असते. थंडी सरता सरता ते गेले.

कार्बोरेटर त्यांनी स्वतःच्या जुन्या पंच्यात गुंडाळून कोनाड्यात ठेवला होता, तो तसाच आहे. दर रविवारी सकाळी मी गाडी सुरू करते, बॅटरी उतरू नये म्हणून. शेजारची सीट रिकामी असते. मी चप्पल काढते, पाय दोनदा दाबते, तिसऱ्यांदा पार तळाला नेऊन धरते आणि किल्ली फिरवते. इंजिन नुसतंच फिरत राहतं, अगदी तेव्हासारखं, कुणीतरी चोक ओढेल याची वाट बघत असल्यासारखं. डोळे मिटून मी ते ऐकते. पाय काढला की गाडी लगेच सुरू होते, हे मला ठाऊक आहे. पण पाय काढायला मला दर वेळी उशीर होतो.