तिसऱ्या वर्गासाठी वाचलेली चार नावं

"तुम्ही चौघं तिसरा वर्ग. तुम्हाला अभिनयाची फारशी गरज पडणार नाही."

सर एवढंच म्हणाले. वर्ग हसला. मीही हसले. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे कितीतरी दिवस मला माझ्या त्या हसण्याची लाज वाटत राहिली.

एम.ए.चं पहिलं वर्ष. पेपर आधुनिक फ्रान्सच्या इतिहासाचा. राज्यक्रांतीच्या आधी राजाने जी सभा बोलावली, ती आमच्या वर्गाने इतिहास सप्ताहात करून दाखवायची होती. पहिला वर्ग धर्मगुरूंचा. दुसरा सरदारांचा. तिसऱ्यात उरलेले सगळे: शेतकरी, कारागीर, वकील, हमाल. पहिल्या दोन वर्गांसाठी सरांनी मुलं नुसत्या नजरेने निवडली. तिसऱ्यासाठी टेबलावरचा कागद उचलला. शिष्यवृत्तीवाल्यांची यादी होती ती. कुणाचं जातीचं प्रमाणपत्र तपासायचं राहिलंय, त्याची. त्यातली चार नावं त्यांनी मोठ्याने वाचली. चौथं माझं.

नारायण पेठेतली माझी मैत्रीण रोज माझ्या डब्यातलं खायची. तिला सरदार केलं होतं. तिने वहीत डोकं घातलं ते तास संपेपर्यंत वर काढलं नाही.

मी भित्री आहे. राग आला की लोक ओरडतात, मी विषय बदलते. त्यात अंतर्गत गुण सगळे सरांच्या हातात. मागच्या वर्षी एका मुलाने त्यांना भर वर्गात उलट विचारलं, तो नेमका याच पेपरात राहिला. मी राहिले तर शिष्यवृत्ती बंद. शिष्यवृत्ती बंद म्हणजे शिक्षण बंद. बाबा खडकीच्या कारखान्यात कामगार, दोन वर्षांत निवृत्त होतील. ते म्हणाले, "पाण्यात राहून माशाशी वैर करू नये. दहा मिनिटांचं नाटक आहे. उभी राहा."

उभी राहिले. तालमीत आम्ही चौघांनी मागच्या दाराने यायचं, मुतारीशेजारच्या. काळे कपडे, टोप्या हातात. सरदार टोप्या घालून खुर्च्यांवर बसायचे. त्या खुर्च्या मांडायच्या आम्हीच. सर म्हणाले, "इतिहासात असंच होतं." खरंच तसंच होतं. ते खोटं बोलत नव्हते, म्हणून तर मला तोंड उघडता येईना.

मग बुधवार पेठेतल्या पुस्तकांच्या दुकानातून फ्रान्सच्या इतिहासाचं एक जुनं पुस्तक आणलं आणि पुढचं वाचलं. सभेआधी राजाने गावोगावच्या लोकांना तक्रारी लिहून पाठवायला सांगितलं होतं. वह्याच्या वह्या भरल्या. लिहिता न येणाऱ्यांनी दुसऱ्याकडून लिहून घेतलं. मिठावरचा कर नको. सरदाराची कबुतरं आमचं पेरलेलं खातात आणि आम्हाला त्यांना मारता येत नाही. आणि भर सभेत सरदारांनी टोप्या चढवल्या, तेव्हा तिसऱ्या वर्गातल्यांनीही चढवल्या. रीत नसताना. आमच्या नाटकात यातलं काहीच नव्हतं. आम्ही खाली मान घालून उभे होतो, तिथेच सरांनी नाटक संपवलं होतं.

पुढच्या तालमीत मी टोपी घातली. ती तिरकीच बसली.

"काढ ती," सर म्हणाले.

"सर, त्यांनी घातली होती."

"हो का? नाटक आपण लिहिलंय वाटतं."

"नाही सर. पण आमची नावं त्या यादीतून का वाचलीत?"

बाकीचे तिघे टोप्या हातात धरून जमिनीकडे बघत राहिले. त्यांना दोष देत नाही. मीही वर्गात हसलेच होते.

सरांनी केबिनमध्ये नेऊन कोरा कागद पुढे सरकवला. "माफीनामा लिही आणि उद्या कार्यालयात दे. नाहीतर अंतर्गत गुणांचं मी काही सांगू शकत नाही."

घरी येऊन त्याच कागदावर लिहिलं. वरती प्राचार्यांचं नाव. विषय: तक्रार. खाली तारीख, खोली, यादी आणि सरांचं वाक्य, जसंच्या तसं. दोन प्रती केल्या. नुसता अर्ज देऊन आपल्याकडे काही होत नाही. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यावा लागतो. ती पोच. पोच नसेल तर तुम्ही अर्ज दिलाच नव्हता. हे मला बाबांनीच शिकवलंय, रेशन कार्डाच्या वेळी.

कार्यालयातल्या बाईंनी कागद दोनदा वाचला. "माफीनामा येणार होता ना? अगं, हे एकदा आवकला चढलं की मला काढता यायचं नाही. घरी विचारलंस?"

"नाही."

"वर्ष जाईल तुझं."

मी दुसरी प्रतही त्यांच्यापुढे सरकवली.

"जाईल. शिक्का मारा."

त्यांनी मारला.

याला तीन आठवडे झाले. बाबा माझ्याशी बोलत नाहीत. मैत्रीण दुसऱ्या बाकावर बसते. काल सरांचा निरोप आला: अर्ज मागे घे, झालं गेलं विसरू. गुण लागायचे आहेत आणि मला अजूनही झोप लागत नाही. अर्ज मी मागे घेणार नाही. त्यांनी नापास केलं तर तेही लिहीन, आणि त्याचीही पोच घेईन.