उत्तर कळवतो

मखमलाबादला आमच्या वस्तीत कुणाकडे पोहे शिजले की मला आमंत्रण लागत नाही, वास पुरतो. पण त्या दिवशी सिंधुबाईनं रीतसर बोलावलं होतं. तिच्या तेजस्विनीला बघायला सटाण्याहून पाहुणे यायचे होते. सिंधुबाईच्या घरी फुलशेती. पोरगी मात्र घरं आतून-बाहेरून आखायचं शिक्षण घेत होती, तिसऱ्या वर्षाला. या शिक्षणावर भावकीचा भारी राग. चुलती म्हणायची, "चार वर्षं पडदे लावायला शिकतीय." मामा तर धरूनच चालला होता, की भाची रंगारी होणार.

पाहुणे आले. कारभारीअण्णा कांद्याचे व्यापारी, सोबत त्यांची बायको आणि मुलगा कुंदन. कुंदननं दोनदा पोहे घेतले. त्यापलीकडे त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही घडलं नाही.

अण्णांनी विचारलं, "इंटिरियर म्हंजे सोफे-पडदेच ना?"

"पडदे शेवटी, काका. आधी ऊन कुठून येतं, वारा कुठून येतो, घरातली बाई दिवसभर कुठं उभी राहते, ते बघायचं."

"पोर हुशार शे," अण्णा बायकोकडे वळून म्हणाले, आणि लगेच कामाचं बोलले. सटाण्यात त्यांचा कोपऱ्यावरचा प्लॉट होता, पूर्वेला रस्ता, उत्तरेला रस्ता. "बंगला बांधायचाय. काढून दे की नकाशा. घर उद्या तुझंच."

मी तेव्हाच सिंधुबाईला कोपरानं ढोसलं. पण मुलीकडच्यांचे कान त्या दिवशी बंद असतात.

तेजस्विनीला कॉलेजात त्या वर्षी एक घर आखायचंच होतं. तिनं तोच प्लॉट घेतला. सटाण्याला जाऊन दिवसभर उन्हात उभी राहिली, सावल्या कशा फिरतात ते पाहत. घर असं बसवलं, की हॉलची भिंतभर खिडकी उत्तरेला, म्हणजे उजेड भरपूर आणि ऊन नाही. पश्चिमेला न्हाणीघर आणि जिना, तापले तरी चालतील. छापलेला कागद स्वतः जाऊन अण्णांच्या घरी पोचता केला.

तिथं ठिणगी पडली. अण्णांच्या बायकोनं नकाशातल्या स्वयंपाकाच्या ओट्यावर बोट ठेवलं. "एवढी जागा कशाला?"

"दोघांना उभं राहायला."

"दुसरं कोण?"

"कुंदन."

कुंदन हसला म्हणे. तेवढंच त्याचं पाप. अण्णा म्हणाले, "उत्तर कळवतो."

उत्तर आलं ते मध्यस्थाच्या तोंडून: पत्रिका जुळत नाही. नकाशा जुळला असावा, कारण कागद काही परत आला नाही. सिंधुबाई धुमसली, "पोरगी नको व्हती तर कागद कशाला ठिवला?" भावकीनं समजूत घातली, कागदच तर आहे. कागदच! यांच्या सातबाऱ्यावर कुणी बोट ठेवलं तर कुऱ्हाडी निघतात, आणि पोरीनं उन्हात करपून काढलेला तो नुसता कागद!

पुढच्या वर्षी शेवटची परीक्षा. चारही वर्षांचं काम मांडायचं, आणि विद्यापीठाकडून आलेल्या बाहेरच्या परीक्षकापुढे तोंडी उत्तरं द्यायची. परीक्षक पानं उलटत होते. त्या घरापाशी थांबले, चष्मा वर केला.

"हे घर मी पाहिलंय. सटाण्याला. वास्तुशांतीला जेवलोय या हॉलमध्ये. बांधलेलं घर उतरवून काढता, आणि वर स्वतःचं नाव?"

"सर, हे माझंच आहे. तारीख बघा ना."

"तारीख कुणीही टाकतं."

तिसऱ्या वर्षाला शिकवणाऱ्या मॅडम नोकरी सोडून गेलेल्या. बाकीचे शिक्षक छताचं निरीक्षण करत बसले. चोरी ठरली तर वर्ष जाणार, आणि शिक्का बसणार तो वेगळाच. स्वतःच्याच घरात शिरल्याबद्दल पोरीला चोर म्हणत होते हो!

तेजस्विनीचा आवाज कापत होता, ती स्वतःच मला सांगते. पण तिनं विचारलं, "सर, जेवण कधीचं होतं?"

"माघातलं. पंगत बसायला चार वाजले."

"ऊन कुठं होतं?"

"डोळ्यांवर!" साहेबांना आठवणीनंच त्रास झाला. "त्या मोठ्या खिडकीतून. शेवटी चादर बांधली त्यांनी."

तिनं कागद त्यांच्यापुढे सरकवला. "ही खिडकी उत्तरेला आहे, सर. माघात उत्तरेच्या खिडकीतून ऊन येतं?"

तिनं कडेच्या पट्टीवर बोट ठेवलं. "कागदाच्या या पट्टीत माझं नाव आहे आणि शेजारी उत्तरेचा बाण. असाच एक कागद त्या घरमालकांकडे राहिला. त्यांना नाव नको असणार, म्हणून पट्टी कापली. नावाबरोबर उत्तरही गेली. मी पूर्व वर धरून काढलंय. त्यांच्या मिस्त्रीनं वरची बाजू उत्तर धरली असणार. दोन्हीकडे रस्ता, दार बरोबर रस्त्यावर उघडलं, म्हणून कुणाला कळलंच नाही. घर फिरलं, खिडकी पश्चिमेला गेली. मी तिथून चोरलं असतं, तर ही चूकपण चोरली असती ना, सर?"

साहेबांनी गुण दिले, चांगले दिले. माफी? छे! जाताना म्हणाले, "जरा मोठ्यानं बोलत जा." चोर म्हणताना यांचा आवाज बाहेर व्हरांड्यात ऐकू गेला होता.

पण साहेबांच्याही पोटात गोष्ट राहिली नाही, हे मला आवडलं. आठवड्याभरात अण्णांचा फोन. मी तिथंच चहा पीत होतो. सिंधुबाईनं स्पीकर लावला.

"बाई, पत्रिका परत दाखवली. जुळती. आन् पोरीला म्हणा, खिडकीचं तेवढं बघून जा."

सिंधुबाईनं तोंड उघडायच्या आत तेजस्विनीनं फोन घेतला. "येते काका. आधी चार लोकांत सांगा, नकाशा माझा होता."

"अगं, घरातल्या सुनेला नाव कशाला पाहिजे?"

तिनं फोन ठेवला. ठेवला कसला, आपटला.

तेव्हापासून अण्णा गावोगाव तिची बदनामी करत हिंडतात, फार शिष्ट पोरगी म्हणून. नामपूरच्या बाजारातही करून आले. लोक विचारतात, "कोणती हो पोरगी?" नुसत्या नावानं कुणाला ओळख पटत नाही. मग अण्णांना सांगावंच लागतं, "ती हो, आमच्या बंगल्याचा नकाशा काढणारी!"