मागायच्या आधी

अकोटच्या गुजरीत, म्हणजे रोजच्या भाजीबाजारात, आमच्या दुकानाचा एक तोरा आहे. गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की त्याने तोंड उघडायच्या आत सासूबाईंनी त्याची भाजी तराजूत टाकलेली असते. मास्तरांना पालक, बँकेतल्या बाईंना कोवळी भेंडी, आणि सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची काडी सगळ्यांनाच वरून. काय पाहिजे, असं विचारावं लागलं तर सासूबाईंना तो स्वतःचा कमीपणा वाटायचा. लग्न होऊन आले तेव्हा मला ह्याचं हसू येई. पुढे मीही तशीच झाले.

घरातही तीच रीत. धाकट्याने नुसती मान वळवली की सगळे धावत. कोणी पाणी पाजतंय, कोणी बिस्किट धरतंय. लेकरू रडतच नाही, फार गुणी आहे, असं आम्ही गल्लीभर सांगत होतो.

अकोल्याच्या मॅडमना ते कौतुक पटलं नाही. त्या विशेष मुलांच्या शिक्षिका, माझ्या मोठ्या मुलीला शिकवतात. मोठीला ऑटिझम आहे, आणि ते कळायला आम्हाला उशीर झाला. बोलेल की, हिचा बापही उशिराच बोलला होता, असं जो तो सांगत राहिला. म्हणून धाकटा झाला तेव्हाच मॅडमनी बजावलं होतं, की भावंडात ही शक्यता जरा जास्त असते, त्याला लहानपणापासूनच आणत जा. मग एसटीत एक मांडीवर, एक खिडकीशी, अशी माझी वरात अकोल्याला निघू लागली.

मॅडम सतरंजीवर बसून त्याच्याशी खेळल्या. हाक मारली की तो बघे, हसलं की हसे. पण वर्षाचा झाला तरी त्याचं बोट काही उठेना. त्या म्हणाल्या, ह्या वयाच्या सुमारास लेकरं बोटाने दाखवू लागतात, आणि दाखवून आपल्या तोंडाकडे बघतात, तुला दिसलं का म्हणून. शब्द यायच्या आधीचं ते बोलणंच असतं. हा ते करत नाही, पण त्याचा अर्थ आजच काढता येणार नाही. मग त्यांनी घरची रीत विचारली. मी तोऱ्यातच सांगितली. त्यांना हसू आलं.

"अहो, तुम्ही त्याला मागायला जागाच ठेवली नाही," त्या म्हणाल्या. "थोडं थांबा. मागू द्या."

परतताना माझ्या डोक्यात एकच होतं, हाही मोठीच्याच वाटेने गेला तर? आणि त्या भीतीची मला चीडही येत होती. मोठीत काही कमी आहे असं दुसरं कोणी बोललं असतं, तर मी त्याला भर बाजारात झोडपून काढलं असतं.

थांबणं आमच्या रक्तातच नाही. मी मुरमुरे झाकणाच्या बरणीत भरून त्याच्यासमोर ठेवले आणि हात मांडीखाली दाबून बसले. तो बरणीकडे बघे, मग कुरकुरे. सासूबाईंचा जीव तुटायचा.

"लेकराले काऊन तरसवून राहिली वं? देऊन टाक ना त्याले."

"आई, मांगू द्या त्याले. तुमी त्याचं बोलणं हिसकून घेऊन राहिल्या."

त्या तणतणत दुकानात निघून गेल्या. नवऱ्याने तर लेकराचं तोंड बघवत नाही म्हणून हिवरखेडच्या मळ्यातच मुक्काम हलवला. भाजी तेवढी वेळेवर यायची.

घरात थांबायची सवय एकटीलाच होती, मोठीला. शाळा नसली की ती दुकानात बारदानावर बसून लिंबं रांगेत लावते. अशी सरळ रांग मला फूटपट्टी घेऊनही जमणार नाही. गिऱ्हाईकंही त्या रांगेतलं लिंबू उचलत नाहीत, मागच्या टोपलीतलं घेतात. धाकट्याला त्या रांगेचं वेड. तो तासन्‌तास बघत बसे, आणि ती त्याला एकही लिंबू देत नसे.

एका सकाळी कुणाच्या तरी पिशवीचा धक्का लागला आणि रांगेतलं एक लिंबू घरंगळत वांग्यांच्या क्रेटखाली गेलं. मोठीने कानांवर हात दाबले आणि ती जोरजोरात डोलायला लागली. सासूबाई लिंबू काढायला वाकल्या आणि अर्ध्यातच थांबल्या. धाकट्याचं बोट वर आलं होतं. पुरतं सरळही नव्हतं. बोट क्रेटकडे आणि तोंड बहिणीकडे. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, परत बहिणीकडे पाहिलं, आणि हुंकार दिला.

"कोनी हालू नका," सासूबाई पुटपुटल्या. समोर मास्तर पिशवी उघडून उभे होते, तेही हलले नाहीत.

इतके दिवस मी त्या बोटाची वाट पाहत होते, आणि ते उठलं तेव्हा माझं लक्ष त्याच्यावर राहिलंच नाही. मोठीने कानांवरचे हात काढले होते. आम्ही चंद्र दाखवला, विमान दाखवलं, तरी ही पोर कधी आमच्या बोटामागे बघत नसे. तिने भावाच्या बोटाकडे पाहिलं, तिथून क्रेटकडे. खाली हात घातला, लिंबू काढलं, पदराने पुसावं तसं फ्रॉकला पुसलं आणि जागच्या जागी ठेवलं.

मी भर गुजरीत रडले. माझ्या दोन्ही लेकरांचा मला एवढा अभिमान वाटला की मास्तरांना मी पालकाऐवजी मेथी दिली. त्यांनी ती मुकाट्याने नेली. सासूबाई आता गिऱ्हाईकाला काय पाहिजे विचारतात आणि उत्तराची वाट बघतात. लोकांना त्या आजारी आहेत असं वाटतं.

पुढच्या खेपेला मॅडमना सगळं सांगितलं. त्या खूश झाल्या, पण धाकट्याला आणत राहा, अजून बघावं लागेल, असंही म्हणाल्या. मी आणणारच आहे. मग त्यांनी विचारलं, "त्याने आधी कोणाला दाखवलं?"

"बहिणीला."

"आणि तिने पाहिलं?"

"पाहिलं," मी म्हणाले, आणि ते इतकं मोठ्याने निघालं की बाहेर बाकावर बसलेल्या बायांनी आत डोकावून बघितलं.