तीन थर्मामीटर आणि एक काख

तळेगावच्या आमच्या सोसायटीत समोरच्या फ्लॅटमध्ये एक काका राहतात. कारखान्यात ते मोजमापाची उपकरणं तपासायचे. रिटायर झाले, पण तपासणी काही थांबली नाही. दूधवाल्याचं माप त्यांना मान्य नसतं आणि कुणाच्याही घड्याळाकडे ते संशयानेच बघतात. "मोजलं? मग परत मोजा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

गच्चीवर धुरावर कोंबडी शिजवायची म्हणून मी काळा, लाल आणि पांढरा असे तीन कंपन्यांचे वायरलेस थर्मामीटर मागवले. सुई कोंबडीत खुपसायची आणि तापमान मोबाइलवर बघायचं. एक ठेवून दोन परत करायचे होते. निवड अर्थातच काकांकडे गेली. भर मे महिन्यात शाल पांघरून ते आले.

"माझं अंग कायम सदतीस अंश. त्याच्याशी ताडून बघू," म्हणत त्यांनी एकेक सुई काखेत धरली. त्या सुया पुढे कोंबडीत जायच्या आहेत, हे मी बोललो नाही. तिन्ही आकडे एकोणचाळीसच्या आसपास आले. परत मोजलं, तरी तेच.

"तिन्ही भंगार! पाठवून द्या," असं म्हणून काका कुडकुडत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी काकूंनी सांगितलं, की काका तापाने फणफणलेत. मी भेटायला गेलो. वाटलं, आता तरी ओशाळतील. त्यांनी शालीतून फक्त तोंड बाहेर काढलं.

"काळा ठेवा. डॉक्टरांच्या आकड्याशी तोच जुळला. डॉक्टरांना दोनदा मोजायला लावलं मी."